शुक्रवारच्या दप्तरातलं पत्र

बुधवारी शेवटच्या तासाला मी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि दुसरीच्या वर्गाने ती डायरीत उतरवून घेतली : ‘काले शाळामां रजा छे.’ उद्या शाळेला सुट्टी आहे. गुरुवारी सकाळी एक मुलगी गणवेश घालून, दोन वेण्या आणि रिबिनी बांधून बंद फाटकापाशी आली. वॉचमनकाकांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. आई तिला सोडून परत गेली होती, तिच्या घरचा एकच फोन वडिलांबरोबर खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात गेलेला, आणि खात्यातल्या लूमच्या आवाजात फोन कोणाला ऐकू येणार?

या मायलेकींना शिरपूरहून सुरतेत येऊन दोन महिने झाले होते. मुलीला गुजराती अजून धड कळत नव्हतं. आईने अक्षरं जुळवत ती ओळ वाचली होती आणि मराठी माणसाला लागेल तोच अर्थ तिला लागला : काल रजा झाली, अशी टीचरने नोंद केलेली दिसते. मंगळवारी मुलगी तापामुळे घरीच होती, त्यामुळे अर्थ अगदी चपखल बसला. चूक माझी होती. त्या दिवसापासून घरी जाणाऱ्या कुठल्याही कागदावर मी ‘काले’ लिहिलेलं नाही. वार लिहिते, तारीख लिहिते, आणि ‘शाळा बंद’ असं लिहिते.

सुरतेतल्या एका मिशनच्या शाळेत प्राथमिक वर्गांना मी बरीच वर्षं शिकवते आहे, आणि दर शुक्रवारी मुलांच्या घरी एक पत्र पाठवते. या आठवड्यात वर्गात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार, घरच्यांकडून काय हवं, एवढंच त्यात असतं. आता बऱ्याच शाळांतून अशी पत्रं किंवा मोबाइलवरचे निरोप जातात. तुम्ही वर्गशिक्षक असाल तर ते कसं लिहावं, आणि पालक असाल तर ते हातात आल्यावर काय करावं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

लिहायला बसण्याआधी आपला वाचक डोळ्यांसमोर आणा. महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सुरतेत सात माध्यमांच्या शाळा चालवते : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. त्या सातही भाषा घरी बोलणारी मुलं मिशनच्या शाळेच्या एकाच वर्गात बसलेली असू शकतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं आहेत, त्यांच्या घरात मराठीइतकीच अहिराणी चालते. ख्रिस्ती मुलंही एका मुलखातली नसतात. कोणी व्यारा भागातल्या गामीत-चौधरी कुटुंबातलं, कोणी केरळच्या नर्सचं, कोणी नवापूरकडचं. नवापूरच्या तर रेल्वे स्टेशनातूनच महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. शिवाय २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली आहे. त्यामुळे इंग्रजी माध्यमातलं मूलही घरी गुजराती वही घेऊन जातं, आणि त्या वहीत काय आहे हे आईला उलगडत नाही.

इतक्या भाषांत पत्र लिहिणं एका शिक्षिकेला शक्य नाही. मग मार्ग काय? माझ्या अनुभवात पत्राचा पहिला वाचक मूल असावं. शुक्रवारी शेवटच्या तासाला मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवते, अवघड शब्द मुलांकडून सोडवून घेते, आणि मगच ते दप्तरात जातं. घरी मूल ते अहिराणीत सांगेल, उडियात सांगेल, अर्धंमुर्धं सांगेल. पण सांगताना आठवड्याची उजळणी होते, आणि आईला मुलाच्याच तोंडून वर्ग दिसतो. म्हणून वाक्यं आखूड लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट. सात वर्षांच्या मुलाला एका दमात वाचता येणार नाही असं वाक्य पत्रात नको.

मात्र याला एक कडक मर्यादा आहे. फी थकली, अभ्यासात मागे पडतो, मारामारी केली, असे निरोप मुलाच्या तोंडी कधीही देऊ नका. आईवडिलांना भाषा येत नाही म्हणून आपल्याबद्दलची तक्रार मुलानेच त्यांना भाषांतर करून सांगायची, याइतकी अवघड जागा त्याच्यासाठी दुसरी नाही. अशा वेळी पालकांना बोलवा, आणि त्यांची भाषा जाणणारं शाळेतलं मोठं माणूस सोबत घ्या. बहुतेक शाळांत शिपाई, मावशी किंवा एखाद्या सहकारी टीचर मराठी जाणणाऱ्या असतात.

शब्दांच्या बाबतीत गुजराती आणि मराठी या सख्ख्या बहिणी असल्यामुळेच घोटाळा होतो. गुजरातीत धोरण म्हणजे आपली इयत्ता. मराठी आईला वाटतं, शाळेचं काही धोरण बदललं. ‘रजा’चं तर सांगितलंच. गुजरातीत घडिया म्हणजे पाढे. ‘घडिया पाका करवा’ ही सूचना वाचून कोणी घड्याळ शिकवत बसलं तर दोष कोणाचा? वाली म्हणजे पालक, आणि ‘वाली मीटिंग’ म्हणजे पालकसभा, हेही नव्याने आलेल्या घराला सांगावं लागतं. असे दहा-पंधरा शब्द एका कागदावर लिहून जूनमध्ये शाळा सुरू होतानाच मराठी घरांना द्या. मोबाइलवरच्या भाषांतराचा आधार जरूर घ्या, पण भाषांतर झालेला मजकूर ती भाषा जाणणाऱ्याला एकदा दाखवल्याशिवाय पाठवू नका. माझ्यासारख्या ‘काले’वाल्या शिक्षिकेचं हे कळकळीचं सांगणं आहे.

आता पत्रात काय असावं. बहुतेक पत्रं सूचनांनी भरलेली असतात : हे आणा, ते भरा, अमुक वाजता या. अशी पत्रं वाचून पालकांना शाळा म्हणजे मागण्यांचं दुकान वाटू लागतं. वर्गात मुलाने काय केलं, ते आधी आलं पाहिजे, आणि तेही ठोस. ‘गणितात बेरीज शिकवली’ यावर घरी कोणी काय विचारणार? ‘काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून आम्ही ३४ आणि २८ ची बेरीज केली’ असं लिहिलंत तर आई घरातल्या काड्या घेऊन बसू शकते. त्यानंतर मुलाला विचारायचा एक प्रश्न द्या. ‘आज शाळेत काय केलं?’ याला जगभरची मुलं ‘काही नाही’ असंच उत्तर देतात. ‘नवा जुडगा कधी बांधावा लागतो?’ असं विचारलं की मूल खुलतं.

तिसरीच्या वर्गासाठीचं पत्र मी साधारण असं लिहीन :

‘प्रिय आईबाबा, या आठवड्यात आम्ही पाणी मोजलं. एका बादलीत किती तांबे पाणी मावतं याचा आधी अंदाज केला, मग मोजून पाहिलं. पाच गटांचे पाच वेगळे आकडे आले, कारण तांबे लहानमोठे होते. मग लिटरचं माप आणलं. भाषेच्या तासाला तापी नदीवर प्रत्येकाने तीन वाक्यं लिहिली. सोमवारी सकाळच्या प्रार्थनासभेत वाटेत जखमी पडलेल्या माणसाला परक्या माणसाने मदत केली, ती बायबलमधली गोष्ट सांगितली. मुलांना हे विचारा : एका बादलीला पाच वेगळे आकडे का आले? बुधवारी घरातली एक रिकामी बाटली द्या, जुनी चालेल, विकत आणू नका. शुक्रवारी शाळा बंद आहे. खालच्या रेघेवर तुम्हाला काही लिहायचं असेल तर कोणत्याही भाषेत लिहा.’

एवढं पुरतं. कागदाची एक बाजू, मोठं अक्षर. तारखा नेहमी एकाच ठिकाणी, म्हणजे कागदाच्या तळाशी चौकटीत. ज्यांना फार वाचता येत नाही, ते निदान चौकट पाहतात. आणि ‘विकत आणू नका’ हे तीन शब्द विसरू नका. प्रकल्पासाठी थर्माकोल नि चमकी कागद आणायला सांगितलं की महिनाअखेरीला कुठल्या घरात काय ओढाताण होते, हे आपल्याला दिसत नाही.

त्या नमुन्यातलं बायबलच्या गोष्टीचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. ख्रिस्ती शाळेच्या पत्रात हाच भाग सर्वांत जपून आणि सर्वांत मोकळेपणाने लिहायला हवा. सुरतेला मिशनचं काम नवीन नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फाइवी १८१५ मध्ये इथे आले, पुढे आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनने ते काम हाती घेतलं, आणि कॅथलिक संस्थांच्या शाळाही उभ्या राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या हिंदू, मुसलमान, जैन, पारशी घरांनी विश्वासाने आपली मुलं या शाळांत घातली. तो विश्वास टिकतो तो शाळेत काय चालतं हे पालकांना आधी आणि स्पष्ट कळण्यावर. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाचं तिसरं कलमही हेच धरून आहे : सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते.

बऱ्याच मिशन शाळांत ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो, आणि त्याच वेळी इतरांना नीतिशिक्षणाचा. हे दोन तास वेगळे आहेत, हे जूनच्या पहिल्याच पत्रात लिहा. प्रार्थनासभेत सांगितलेली गोष्ट बायबलमधली असेल तर ‘बायबलमधली’ असं नाव घेऊन सांगा. नुसतं ‘नीतिकथा’ म्हणून झाकू नका. त्याच वेळी, ख्रिस्ती घरालाच कळतील असे शब्द उलगडून लिहा. ‘चांगल्या शोमरोन्याचा दाखला’ म्हटलं की लिंबायतच्या आईला काही बोध होत नाही. गोष्ट दोन ओळींत सांगितली की होतो. डिसेंबरात नाताळचा गोठा वर्गात मांडणार असाल तर एक आठवडा आधी लिहा : कोणत्या दिवशी, कोण काय करणार, आणि नाटुकल्यात किंवा गाण्यात भाग घेणं ऐच्छिक आहे. ज्या घराला नको असेल त्यांनी खालच्या रेघेवर नुसतं ‘नको’ लिहिलं तरी पुरे, कारण विचारलं जाणार नाही, हेही लिहा. आणि मग खरोखरच विचारू नका. मोकळेपणाने लिहिलं की ‘नको’ म्हणणारी घरं फार थोडी राहतात, हे मी पाहिलं आहे.

उलट दिशेनेही हे लागू आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन असतं. त्या सोमवारी वर्गातल्या मराठी मुलांची बाकं रिकामी दिसली की पहिली काही वर्षं मी हजेरीपटावर लाल खुणा करून चिडत बसायचे. मग एका आजीने मला घरी बोलावून रोटांचं जेवण वाढलं. आता त्या सोमवारी मी चाचणी ठेवत नाही, आणि त्या आठवड्याच्या पत्रात एक ओळ असते : ‘कानबाईच्या घरची मुलं मंगळवारी आम्हाला सणाबद्दल सांगतील.’ चंदी पडव्याला घारी, ईदला शीरखुर्मा, नाताळला केक, प्रत्येकाची एकेक ओळ वर्षभरात येते. ख्रिस्ती शाळेच्या कागदावर आपल्या सणाचं नाव छापून आलेलं पाहून एका आजोबांनी तो कागद चौकटीत लावला होता.

सगळ्या वर्गाला जाणारं एक पत्र असलं तरी आईची नजर आपल्या मुलाचं नाव शोधते. पंचेचाळीस मुलांना दर आठवड्याला वेगळी चिठ्ठी लिहिणं झेपत नाही. मी दर शुक्रवारी फक्त पाच मुलं निवडते आणि त्यांच्या पत्राच्या मागे हाताने एकेक ओळ लिहिते. नऊ आठवड्यांत वर्ग पुरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका ओळीने काय होणार, असं वाटेल. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स या अभ्यासकांनी उन्हाळी वर्गात नापास विषय पुन्हा करणाऱ्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलं. शिक्षकाकडून पालकांना आठवड्याला एकच वाक्य गेलं. त्यांचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला : नापासांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं होतं. आपली मुलं लहान आहेत आणि परिस्थिती वेगळी आहे, पण त्यातली एक गोष्ट मी उचलली. नुसत्या शाबासकीपेक्षा ‘काय सुधारायचं’ हे सांगणारं वाक्य तिथे कमी पडलं नाही, उलट थोडं सरसच ठरलं. म्हणून मी ‘हुशार आहे’ असं लिहीत नाही. ‘वाचताना जोडाक्षरापाशी थांबतो, रोज दुकानांच्या पाच पाट्या वाचायला लावा’ असं लिहिते. त्यात आईला करण्यासारखं काहीतरी असतं.

मोबाइलचा गट असेल तर तो फक्त तारखांसाठी ठेवा. बाराबारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्या घरात फोन बहुधा एकच असतो, आणि तो सकाळी सातला खात्यात जातो. तेव्हा कागद दप्तरात गेलाच पाहिजे. आणि मुलांचे चेहरे गटात टाकू नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती मागतो; पण कायदा नसता तरी दोनशे अनोळखी फोनमध्ये एखाद्या लेकराचा फोटो जाऊ नये. मोजणारे हात, फळा, चिकटवलेली चित्रं यांचे फोटो चालतात. गुणांच्या याद्या, ‘यांनी गृहपाठ केला नाही’ अशी नावं, थकबाकी, यांतलं काहीही गटात नको.

पालकांनो, आता तुमच्याकडे वळते. शुक्रवारी दप्तरातून पत्र काढा आणि मुलाला समोर बसवून वाचायला लावा. तुम्हाला गुजराती किंवा इंग्रजी येत असलं तरी त्याच्या हातातून ओढून घेऊ नका. वडील रातपाळीला असतील तर रविवारी वाचा, शिळं होत नाही. प्रश्न दिलेला असेल तर तो अहिराणीतच विचारा, त्याने अभ्यास बिघडत नाही. घरच्या बोलीत सांगता आलं म्हणजे समजलं, असं मी धरते. पत्रात काही खटकलं, विशेषतः प्रार्थनेबद्दल किंवा सणाबद्दल, तर गल्लीत चर्चा करण्याआधी खालच्या रेघेवर लिहा. चुका होतील म्हणून घाबरू नका. पेन्सिलीने, मोडक्या अक्षरात, मराठीतून लिहिलेलं मला चालतं.

हे सगळं नवं नाही. १८४४ मध्ये सुरतेत मानवधर्म सभा ही सुधारकांची संस्था स्थापन झाली तेव्हा दुर्गाराम मेहताजींबरोबर आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. दोघेही इथे शिक्षक होते, एक गुजराती, एक मराठी. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम केलं, आणि पालकांशी बोलायला ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, गुजरातीत आणि मराठीतही. मुलाच्या घरापर्यंत पोहोचल्याशिवाय वर्गातलं काम पुरं होत नाही, या समजुतीने गुजरातच्या भूमीवर मराठी माणसांनी याआधीही लिहिलेलं आहे.

त्या खालच्या रेघेवर सोमवारी काय येतं? कधी ‘वाचलं’ एवढंच, कधी अंगठ्याचा ठसा. एकदा दहाच्या जुडग्यांचं पत्र गेल्यावर शिरपूरच्या त्या आईने लिहून पाठवलं की ती घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करते, साड्या दहा-दहाच्या थप्पीने मोजून देते, आणि पोरगी आता तिच्याआधी आकडा सांगते. पुढच्या सोमवारी मी तिला वर्गात बोलावलं. टेबलावर तिने साड्यांच्या घड्या मांडल्या, तीन थप्प्या आणि वर चार, आणि मुलांना मराठीतून विचारलं, किती झाल्या? गुजराती, उडिया, हिंदी बोलणाऱ्या साऱ्या वर्गाने एकदम उत्तर दिलं. त्या शुक्रवारचं पत्र त्यावरच होतं.